दीडपट विमान

४ सप्टेंबर २०११, रविवार

आजपासून डायरी. ही यांना कंपनीकडून मिळालेली, २०१० ची. २१ फेब्रुवारीपर्यंत यांच्या अक्षरात आहे, पुढे कोरी. छापलेल्या तारखा खोडून वापरणार. इतका चांगला कागद रद्दीत कशाला घालायचा.

यांचं लिहिणं दिवसाला एक ओळ. गॅस आला. नळाचा वॉशर. रविवारी मात्र ठरलेलं: "अ.कडे." अ. म्हणजे अमजद, यांचा विमानवाला मित्र. कुवेतहून परत आल्यापासून जुन्या पनवेलमध्येच असतो. त्या वर्षीचे आठ रविवार, आठही त्याच्याकडे. शेवटची ओळ अशी: "अ.कडे. उजवा झाला." काय उजवा झाला ते लिहिलेलं नाही. दोन दिवसांनी, मंगळवारी, कंपनीची बस आली आणि तिच्यातून हे उतरले नाहीत.

मला कोणाचा हेवा वाटत नाही. पानं चाळता चाळता रविवार मोजले गेले, एवढंच.

१२ सप्टेंबर, सोमवार

माळा काढला. झुरळं, जुने पाट, यांची लोखंडी ट्रंक. शेजारी चादरीत गुंडाळलेलं विमान. पोट आणि शेपूट तयार. नुसता लाकडी सांगाडा, मोठ्या माशाचा काटा असावा तसा. पंख नाहीत.

ट्रंकेत इंग्रजी मासिकातलं घडी घातलेलं पान. १९३८ सालचं मॉडेल, मूळ चार फुटांचं. यांनी ते दीडपट करायला घेतलं होतं. सहा फुटांचे पंख, रिमोटवर उडणारं. हे मागच्या खोलीत काहीतरी कापत बसतात एवढंच मला माहीत होतं. मी म्हणायचे, केर काढून ठेवा.

अमजदनेही असंच एक जुनं विमान मोठं करून बांधलंय. ते उडतं, असं हे कौतुकाने सांगायचे. माझ्या पुरणपोळीबद्दल इतकं कधी बोलले नाहीत.

ठरवलं. पंख मी करणार. शाळा दहावीपर्यंतच झाली, पण वाचनालयातली तीन कपाटं संपवली आहेत आणि डिक्शनरी जवळ असली की इंग्रजीही वाचते. लाकूड ट्रंकेत आहे, बाल्सा म्हणून असतं, पापडासारखं हलकं. दिवाळीपर्यंत पंख, नाताळपर्यंत विमान. २९ जानेवारीला या लोकांचा नेऱ्याच्या माळावर जुन्या विमानांचा दिवस असतो. तिथे यांचं विमान उडेल, आणि ते या घरात तयार झालं हे सगळ्यांना दिसेल.

अमजदची मदत घ्यायची नाही. हे अधोरेखित.

१८ सप्टेंबर, रविवार

ट्रंकेच्या तळाशी पंखाचा दीडपट केलेला मोठा कागद मिळाला. उघडला तर तेलाने माखलेला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, आरपार दिसेल इतका. वास घेतला. जुनं, खवट तेल.

लगेच कळलं. कुलसुमची भजी. कुलसुम म्हणजे अमजदची बायको. रविवारी हे सकाळी उपाशी जायचे आणि बारा वाजता येऊन म्हणायचे, आज भूक नाही, ऊन फार होतं. जुलैमध्येसुद्धा ऊन फार असायचं.

किती भजी खाल्ली असतील. त्या तेलावर मी यांचे पंख बांधणार नाही. नवा कागद काढणार.

१९ सप्टेंबर, सोमवार

स्टेशनसमोर उदयसिंहचं झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे मोठी मशीन आली आहे. मासिकाचं पान दिलं, म्हटलं बरोब्बर दीडपट. पानावर पंख एकच काढलेला आहे. छापणाऱ्यांनी जागा वाचवली असणार. विमानाला पंख दोन लागतात एवढं मला कळतं, म्हणून दोन कॉप्या घेतल्या. उदयसिंह म्हणाला, मावशी, आधी कोणी मोठा केला असेल तर तोच वापरा ना. म्हटलं, तो खराब आहे.

तेलाचा कागद घडी घालून स्वयंपाकघरात तेलाच्या डब्याखाली घातला. तिथेच शोभतो.

२५ सप्टेंबर, रविवार

अमजदचा फोन. म्हणाला, भाभी, अवधूतची एक अमानत आहे माझ्याकडे, घेऊन येऊ का? म्हटलं, आमचं बाहेर काही नाही. तो म्हणाला, तसं नाही भाभी, बघा तरी. मी म्हटलं दूध उतू जातंय.

दूध नव्हतं. पण हा डाव मला कळतो. अमानतीचं निमित्त करून घरात यायचं आणि विमान बघून म्हणायचं, द्या, मी पुरं करतो.

२ ऑक्टोबर, रविवार

पहिल्या पंखाला सुरुवात. जेवणाच्या टेबलावर जुनं दार, त्यावर कागद, कागदावर लाकडाच्या फासळ्या टाचण्यांनी उभ्या करायच्या आणि चिकटवायच्या. एका पंखात एकवीस फासळ्या. आज तीन झाल्या. चौथी उद्या, कारण कंबर.

यांच्या कटरला मुठीशी चिकटपट्टी गुंडाळलेली आहे, अंगठ्याच्या जागी खळगा पडलाय. माझा अंगठा त्यात बसत नाही. सैल होतो.

न्हायला बसताना खोबरेलाची बाटली बघून आठवलं. यांच्या डोक्यावर मोजून केस, तरी बाटली महिन्यात संपायची. विचारलं की म्हणायचे, झिरपतं.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

इराचा पुण्याहून फोन. सांगितलं, विमान करतेय. म्हणाली, आई, तुला स्कूटी येत नाही. म्हटलं, स्कूटीला एकच माणूस शिकवायला होता आणि त्याला रविवारी वेळ नसायचा. मग म्हणाली, बाबांचं आहे का ते? म्हटलं, आता माझं आहे.

आमटीत टाचणी निघाली. मीच जेवणारी असल्याने कोणी बोललं नाही.

२६ ऑक्टोबर, बुधवार. लक्ष्मीपूजन

पंख दिवाळीपर्यंत होणार होते. एक झाला. म्हणजे निम्मं काम वेळेवर झालं असं धरायला हरकत नाही.

टेबलावरून उचलला तर खालून कागदही आला. कागदावर आधी प्लास्टिक अंथरायचं असतं, हे मासिकात होतं, पण मागच्या बाजूला. खरवडला तेवढा निघाला. बाकीचा राहू दे. कागदाचं वजन ते किती.

कुलसुमने फराळाच्या बदल्यात काही पाठवू का म्हणून निरोप दिला, मी फराळ पाठवलेला नसताना. टोमणा असावा.

७ नोव्हेंबर, सोमवार

आज बकरी ईद. अमजदचा फोन आला, घेतला नाही. मग वाटलं, सणाचं घ्यायला हवा होता. मग वाटलं, हे दर ईदला तिकडे जेवायला जायचे, मला कधी चल म्हणाले नाहीत. म्हणजे म्हणायचे, पण मी नाही म्हणेन अशा आवाजात.

२० नोव्हेंबर, रविवार

बाजारात अमजद समोरून. पळायला जागा नव्हती. दाढी सगळी पांढरी झालीय. म्हणाला, भाभी, तब्येत कशी? ती अमानत... मी म्हटलं, विमान मी करतेय, पुरं होत आलंय, नेऱ्याला आणणार. तो बघतच राहिला. म्हणाला, माशाल्ला, पंख झाले? म्हटलं, झाले म्हणा. तो म्हणाला, दोन्ही? म्हटलं, दोन्ही.

दुसऱ्याच्या सात फासळ्या झाल्या आहेत. पण विचारायची पद्धत बघा. दोन्ही. जसं काही मी एकाच पंखाने उडवणार होते.

ठरवलं: रोज दोन तास. सकाळी.

११ डिसेंबर, रविवार

रोज दोन तास होत नाहीत. थंडीत फेविकॉल वाळत नाही. शिवाय वाचनालयातून आणलेली कादंबरी परत करायची होती.

आज रविवार म्हणून अमजद आता काय करत असेल असा विचार आला. त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी असेल. बरं वाटलं. मग तेवढं बरं वाटलं नाही.

२५ डिसेंबर, रविवार

दुसरा पंख पूर्ण. पहिल्यासारखाच, हुबेहूब. फासळीला फासळी. दोन्ही एकमेकांवर ठेवून पाहिले, केसाचा फरक नाही. इतकी सफाई अमजदलाही जमली नसेल. प्लास्टिक अंथरलं होतं, कागद चिकटला नाही.

यांना दाखवायला हवे होते. हे वाक्य खोडणार होते, राहू दे.

१ जानेवारी २०१२, रविवार

विमान पलंगावर ठेवून पंख दोन्हीकडे लावून पाहिले. डावा नीट बसतो. उजवीकडचा नीट बसत नाही. त्याची गोल कड पुढे यायला हवी, ती मागे जाते. पालथा केला तर कड बरोबर येते, पण मग पोट वर आणि पाठ खाली.

गादी सपाट नाही.

फरशीवर ठेवून पाहिलं. फरशीही बघायला हवी.

२ जानेवारी, सोमवार

इरा सुट्टीला आली आहे. दारातून बॅग न ठेवताच म्हणाली, आई, हे दोन्ही डावे आहेत. म्हटलं, एक उजवीकडे लावायचा आहे. ती म्हणाली, दोन डाव्या चपला घेतल्यास तर एक उजव्या पायात जाईल का?

कागदात एकच पंख होता, त्यात माझी काय चूक. छापणाऱ्याला पत्र लिहिणार होते. १९३८ चा आहे, कोण असणार आता.

दुसरा डावा माळ्यावर टाकला. वर ट्रंक ठेवली.

५ जानेवारी, गुरुवार

उरले चोवीस दिवस. नवा पंख करायला मला दोन महिने लागतात. लाकूडही तीन फासळ्यांपुरतं उरलंय. इरा म्हणाली, अमजदकाकांना विचार. म्हटलं, त्यापेक्षा नेऱ्याला जाणार नाही. ती म्हणाली, मग बाबांचं विमान माळ्यावर जाणार, तुझा हेका जिंकणार.

हेका नाही. तत्त्व.

८ जानेवारी, रविवार

ट्रंकेत अमजदची पकड निघाली, मुठीवर त्याचं नाव कोरलेलं. दुसऱ्याची वस्तू घरात ठेवणं बरं नाही, म्हणून आजच परत करायला गेले. दुसरं काही कारण नव्हतं.

कुलसुमने दार उघडलं. या भाभी, म्हणाली, किती वर्षांनी. पहिल्यांदाच गेले होते, पण तिला तसं वाटलं नसावं. यांच्या तोंडून माझ्याबद्दल ऐकून ऐकून तिला मी सवयीची आहे. वांगं मी खात नाही, हे तिला माहीत. हे माझ्याबद्दल बोलायचे तर मग. तिच्याकडे जाऊन.

छताला विमानं टांगलेली. खिडकीपाशी लांब टेबल आणि दोन खुर्च्या. दुसरीवर यांची ऑफिसमधली जुनी उशी. मी ती फेकून दिली असं समजत होते.

पकड दिली. मग विचारलं, माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत, त्यांचे दोन्ही पंख एकाच बाजूचे झाले तर काय करतात? अमजद हसला नाही. म्हणाला, सगळ्यांचं एकदा होतं भाभी, माझे दोन उजवे झाले होते. प्लॅनवर एकच पंख असतो. एक त्याच्यावर करायचा. मग कागदाला तेल चोळायचं, म्हणजे रेघा मागून दिसतात. कागद उलटा अंथरायचा, त्याच्यावर दुसरा.

मी म्हटलं, तेल?

तो म्हणाला, कुठलंही. अवधूत घरून बाटली आणायचा. खोबरेल.

मग स्टुलावर चढून त्याने कपाटावरून एक लांब पुडकं काढलं, दुपट्ट्यात बांधलेलं. म्हणाला, हीच ती अमानत. अवघड बाजू आधी करतो म्हणाला होता. शेवटच्या रविवारी झाला. आपल्या हाताने वर ठेवून गेला, डावा पुढच्या रविवारी म्हणून.

उजवा पंख. पुरा. कागद कुठे चिकटलेला नाही. सगळ्या सांध्यांवरून बोट फिरवलं, एकही वर आलेला नाही. आमच्या घरात यांनी ठोकलेली एक खुंटी सरळ नाही. मी सव्वीस वर्षं म्हणत आले की यांचा हात कामाला बसत नाही. बसत होता. इथे बसत होता.

डोळे पुसले, भुसा गेला होता. कुलसुमला विचारलं, भजी किती खायचे? ती म्हणाली, आठ. कांदा नवा असला तर नऊ.

म्हणजे भज्यांचं मी बरोबर ओळखलं होतं. तेल तेवढं माझ्या बाटलीतलं निघालं.

१५ जानेवारी, रविवार. संक्रांत

अमजदकडे. फक्त विमानासाठी. माझा डावा, यांचा उजवा, दोन्ही बसले. तराजूवर माझा जड भरला, खालच्या कागदामुळे. तोल साधायला अमजदने यांच्या पंखाच्या टोकाला शिशाचा तुकडा बसवला. चूक माझी, ओझं यांच्या पंखाला. यांना सवय आहे.

मोटर, बॅटरी, रिमोट अमजदने केलं. मी त्याला परवानगी दिली.

कुलसुमने तिळगूळ केला होता. माझ्यापेक्षा मऊ. तिला सांगितलं नाही.

२२ जानेवारी, रविवार

वरून पातळ कागद लावून रंग झाला. पंखाच्या बुडाला माझ्या चिकटलेल्या प्लॅनचे दोन इंग्रजी आकडे दिसतात. अमजद म्हणाला, शान आहे.

संगणकावर उडवायची प्रॅक्टिस केली. सात वेळा पडलं. खरं विमान जास्त सोपं असणार, ते डोळ्यांसमोर असतं. अमजद म्हणाला, भाभी, विमान आपल्याकडे तोंड करून येतं ना, तेव्हा हात उलटा चालवायचा, त्याचं उजवं ते आपलं डावं. म्हटलं, आता डाव्या-उजव्याचं मला कोणी शिकवू नये.

२९ जानेवारी, रविवार

नेरे. पंधरा-वीस लोक, तेवढीच विमानं. इरा आली होती. शेत आनंदाचं, भात कापून झाल्यावर तो माळ देतो. तो म्हणाला, काकी, विमान बरा हाय, पण आमच्या आंब्याकडं नेऊ नका, यंदा मोहर चांगला हाय.

दहा वाजून वीस मिनिटांनी उडालं. अमजदने नेलं. आवाज जवळजवळ नाही. माळावरून वर गेलं, ऊन पंखातून आरपार दिसत होतं, फासळी न् फासळी. सगळे बघत होते. कोणीतरी म्हणालं, अवधूतचं पुरं केलं शेवटी अमजदने. अमजदने तिकडे न बघता मोठ्याने सांगितलं, मी नाही, भाभींनी. खाली आलं की विचारा कसं केलं.

मला ते आवडायला हवं होतं. पण बघत होते अमजदच्या बोटांकडे. यांची बोटं त्याच्या शेजारी अशीच असायची, इतक्या जवळ. म्हटलं, द्या इकडे.

तो म्हणाला, थोडं वर जाऊ दे. म्हटलं, द्या.

अकरा सेकंद माझ्याकडे होतं. इराने मोजले. विमान वळून माझ्याकडे तोंड करून आलं. अमजद म्हणाला, उलटा, भाभी, उलटा. मी सरळच चालवला.

आंबा.

आनंदा शिडी घेऊन चढला. वरून म्हणाला, काकी, एकच पंख मोडलाय, दुसऱ्याला कायच झाला नाय. मोडला तो माझा. यांच्या पंखावर ओरखडासुद्धा नाही.

३० जानेवारी, सोमवार

शांतपणे विचार केला. नुकसान किरकोळ आहे. माझ्याकडे दुसरा डावा तयार आहे. काल तिथेच सगळ्यांना सांगितलं की दोन डावे मी मुद्दाम केले होते, अशा प्रसंगासाठी. अमजद म्हणाला, बराबर, भाभी दूरचं बघतात. हसला नाही, म्हणून जास्त लागलं.

रविवारी डावा बसवणार, त्याच्या पुढच्या रविवारी उडवणार. या वेळी पहिल्यापासून मी.

५ फेब्रुवारी, रविवार

अ.कडे. डावा बाकी.

माळ्यावरचा काढून नेला होता. महिनाभर वर ट्रंक होती, त्यामुळे त्याला पीळ बसला आहे. अमजदने डोळ्यापाशी धरून पाहिला आणि म्हणाला, नवा करू. तेलाच्या डब्याखालचा कागद मी बरोबर नेला होता. त्याने उलटा-सुलटा करून बघितला आणि सरळ बाजू वर करून टेबलावर अंथरला. प्लास्टिक मी घातलं. दुसऱ्या खुर्चीवर बसले, उशी आहे तशीच ठेवून. चार फासळ्या झाल्या.

कुलसुमने विचारलं, भाभी, ते दोन डावे खरंच मुद्दाम? म्हटलं, नाही. ती म्हणाली, मला वाटलंच, आणि ताटली पुढे सरकवली. कांदा नवा होता.

बाराला घरी आले. इराचा फोन. जेवलीस का, म्हणाली. म्हटलं, आज भूक नाही, ऊन फार होतं.